चोरीला गेलेला कीबोर्ड

लग्नाची वरात जवळून गेली आणि बँड कानावर पडला की ती घटना आजही आठवते, आणि मला हसू येतं.

सांगली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. लग्नसराई तोंडावर आली होती. सकाळची हजेरी चालू असतानाच गावातल्या बँड कंपनीचा मालक धापा टाकत आला. तिशीतला माणूस. वडील वारल्यावर धंदा त्याच्याकडे आला होता. त्यानं नवीन पद्धतीची साऊंडची गाडी घेतली होती आणि तिच्यावरचा कीबोर्ड गोदामातून चोरीला गेला होता. पुढच्या महिन्यात वाईला मोठं लग्न होतं. ते हातचं गेलं तर हंगाम बुडाला, असं त्याचं म्हणणं. संशय शेजारगावच्या बँडवर होता.

गुन्हा नोंदवला आणि गोदामाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत. महागडा अँप्लिफायर जागेवर, स्पीकर जागेवर. गेला होता फक्त कीबोर्ड, त्याचा स्टँड आणि धूळ बसू नये म्हणून घालायचं कापड.

"सायेब, चोर लय नीटनेटका हाय," माझे हवालदार म्हणाले.

चावी असलेल्या घरच्याच माणसाचं हे काम होतं. वादकांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. त्यांत क्लॅरिनेट वाजवणारे साठीचे मास्तर होते, मालकाच्या वडिलांच्या काळापासूनचे. मी काही विचारायच्या आतच मालक बोलला, "ह्यांना काय इचारताय? फुंकण्यापलीकडं ह्यांना काय येतंय!"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी मालकाला बाहेर बसायला सांगितलं आणि चहा मागवला. साहेबासमोर न बोलणारी माणसं चहासमोर बोलतात, हा माझा जुना अनुभव. ट्रम्पेटवाला म्हणाला, "आमास्नी मोबाईलवर मेसेज आला. साताऱ्याचा कीबोर्डवाला येणार, निम्म्यांनी दुसरं काम बघावं. बसून कुणी बोललंच न्हाई. थोरलं मालक हुतं तवा नवं गाणं सुदिक समद्यांना इचारून बसवायचं."

चोरीबद्दल मात्र सगळ्यांचं एकच उत्तर. ठाऊक न्हाई.

चार-पाच दिवसांनी खबर आली ती अशी की मी डायरी बाजूला ठेवून ऐकत राहिलो. एक शेतकरी ठाण्यात येऊन म्हणाला, "आवं सायेब, माझं गुऱ्हाळ हंगाम संपल्यापास्नं बंद हाय. तिथं दुपारच्याला कोनतरी एकच गाणं वाजवतंय, आन् एकाच जागी चुकतंय. बायको म्हणती भूत हाय. भूत असतं तर एवढ्यात शिकलं असतं की!"

दोन पंच घेऊन आम्ही साध्या वेशात गेलो. आतून वरातीतली एक चाल येत होती. एका जागी ती अडखळली, मग हसण्याचा आवाज आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दार ढकललं. मास्तर पालथ्या डब्यावर बसून एका बोटानं कीबोर्ड वाजवत होते. ट्रम्पेटवाला शेजारी वाकून उभा होता. आम्हाला बघून दोघांनीही हात वर केले.

"इकायला न्हाई नेला, सायेब," मास्तर म्हणाले. "शिकाय नेला."

"मग मालकाला विचारायचं नाही?"

"इचारलं की. मालक म्हणलं, तुमचं वय झालं, हात लावू नका, बिघडंल. थोरल्या मालकांनी दिलेली दुसरी चावी माझ्याकडं हाय, धाकल्यांना ठावं न्हाई."

मालकाला बोलावून घेतलं. आल्या आल्या तो ओरडला, "आत टाका दोघांनाबी!"

मी म्हणालो, "टाकतो. आधी वाजवू दे."

मास्तरांनी वाजवलं. यावेळी जरा कमी चुकलं. मग ते मालकाकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या वडलांनी माझी सनई सोडवून क्लॅरिनेट हातात दिलं, तवा महिनाभर रोज माझ्यासंगं बसलं हुतं. त्यास्नीबी येत नव्हतं."

मालक दुसरा डबा ओढून मास्तरांशेजारी बसला. "मलाबी येत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "साताऱ्याच्या त्या वादकाला आठवडाभर आधी बोलावतो. समदीच शिकू."

गुन्हा गुऱ्हाळात मिटत नाही. जप्ती पंचनामा झाला, दोघांना अटक न करता नोटीस दिली, कीबोर्ड कोर्टाच्या आदेशानं मालकाला परत मिळाला, आणि पुढे कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. वाईच्या लग्नाला मी रजा टाकून गेलो. साताऱ्याच्या वादकाकडून शिकलेला ट्रम्पेटवाला कीबोर्डवर होता, मास्तर क्लॅरिनेट घेऊन पुढे, आणि मालक स्वतः गाडी ढकलत होता. एकाही माणसाला काढलं नव्हतं.

पुढे माझी बदली सातारा जिल्ह्यात झाली. तिथे गस्तीची नवी पद्धत आली. ठरलेल्या ठिकाणी चिकटवलेला क्यूआर कोड मोबाईलनं टिपायचा, म्हणजे गस्त झाल्याची नोंद होते. ठाण्यातले जुने लोक कुरकुरायला लागले. परिपत्रक फलकावर लावून मला मोकळं होता आलं असतं. पण मला ते गुऱ्हाळ आठवलं. ठाण्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ हवालदारांना मी म्हणालो, "चला, आज तुमच्याबरोबर गस्तीला मी येतो. मलाही हे जमत नाही. बिघडलं तर माझ्या नावावर."

पहिल्याच चौकात त्यांनी मोठ्या ऐटीत मोबाईल धरला आणि चहाच्या टपरीवरचा पैसे द्यायचा कोड टिपला. चहावाला हसला, हवालदार हसले, आणि सगळ्यात जास्त मी हसलो. ठाण्यात येऊन ही गोष्ट त्यांनीच सगळ्यांना रंगवून सांगितली. संध्याकाळपर्यंत कुरकुरणारे तिघेजण आपापले मोबाईल घेऊन माझ्या टेबलापाशी उभे होते. "सायेब," त्यांतला एक म्हणाला, "आमालाबी एकदा चुकू द्या की!"