पिकअपला अठ्ठ्याण्णव पाजलं त्याची गोष्ट

"अठ्ठ्याण्णव! अगं, अठ्ठ्याण्णवच घाल! पंच्याण्णवचं नावसुद्धा काढू नकोस!"

हा माझा मित्र. तो ओरडत होता त्याच्या स्वयंपाकघरातून, आणि आवाज येत होता वहिनींच्या फोनमधून, सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या पेट्रोल पंपावर. फोन स्पीकरवर होता, पण स्पीकरची गरज नव्हती. वाऱ्याची दिशा बरी असती तर थेटही ऐकू आलं असतं. पिकअपच्या स्टिअरिंगवर वहिनी, आणि शेजारच्या सीटवर मी, तांत्रिक सल्लागार, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेलो.

"नाईन्टी-फाइव्ह, अंकल," वहिनी पंपावरच्या म्हाताऱ्या चिनी काकांना म्हणाल्या.

"नाईन्टी-एट!" मी माझ्या खिडकीतून.

काका नोझल हातात धरून मधोमध उभे राहिले. मागे तीन गाड्या. सिंगापुरात कुणी हॉर्न वाजवत नाही असं मी पुण्यात सगळ्यांना शपथेवर सांगत आलोय. त्या दिवशी तिघांनी वाजवला.

घोळ असा होता. मित्रानं पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर आयटीतली नोकरी सोडली आणि नवराबायकोनं मराठी जेवणाचं केटरिंग सुरू केलं. त्यासाठी हा छोटा, सेकंडहँड पिकअप घेतला. इथले बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात, हा पेट्रोलवर चालायचा, चालायचा तेव्हा. सोमवारी तो सरकारी तपासणीत नापास झाला होता. धूर जास्त. आज शुक्रवार, दुसरी खेप. आजही नापास झाला तर तो रस्त्यावर आणता येणार नव्हता, आणि रविवारी हार्बरफ्रंटजवळच्या एका कॉन्डोत डोहाळजेवण होतं. शंभर पानं. त्यांची पहिली मोठी ऑर्डर. भाड्याची गाडी शोधून झाली होती. त्या आठवड्यात अख्ख्या बेटावर एक शिल्लक नव्हती.

अठ्ठ्याण्णवची, म्हणजे इथल्या सगळ्यात जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलची, कल्पना माझी, हे कबूल करतो. मंगळवारी चहा पिता पिता मी मित्राला शिरवळच्या मामांच्या जीपची हकीकत सांगितली. मामांनी एकदा जीपमध्ये ते भारीतलं पेट्रोल घातलं, तर ती खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेली, आणि वर पोचल्यावर थांबेचना. शेवटी मामांना तिला वाईपर्यंत पळवून दमवावं लागलं. आता, मामांकडे जीप नव्हती, लूना होती. पण मुद्दा पेट्रोलचा होता.

मित्र इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला ते ताबडतोब पटलं.

तेवढ्यात काकांनी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर होता. वहिनी खाली उतरल्या, वाकल्या आणि वाचू लागल्या.

"भाऊजी, इथं एक्क्याण्णव किंवा जास्त असं लिहिलंय. म्हणजे पंच्याण्णवसुद्धा वरचंच झालं."

"वहिनी, ते किमान झालं! किमान म्हणजे दहावीला पस्तीस. आज आपल्याला डिस्टिंक्शन हवंय!"

"ऐक त्याचं!" फोन किंचाळला. "त्याच्या मामांची जीप होती!"

वहिनींनी मागच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"घाला अठ्ठ्याण्णव," त्या काकांना इंग्रजीत म्हणाल्या, आणि मला मराठीत, "पण नापास झाली ना, तर रविवारी सगळे टोप तुम्ही एमआरटीनं न्यायचे. मसालेभात मांडीवर घेऊन."

पंपावरून बाहेर पडताच मला फरक जाणवला. इंजिन गुणगुणत होतं. चढावर आम्ही एका लाल स्पोर्ट्स कारला मागे टाकलं. ती हॅझर्ड लाईट लावून कडेला उभी होती, पण मागे पडली हे खरं. "बघा, बघा!" मी ओरडत होतो. वहिनी मुकाट्यानं लेन बदलत होत्या.

तपासणी केंद्रात एका तरुण अधिकाऱ्यानं एक्झॉस्टमध्ये नळी खुपसली. माझ्या डोळ्यांपुढे मसालेभाताचा टोप उभा राहिला; त्याला सीट द्यावी की नाही यावर मेट्रोच्या डब्यात चर्चा चाललेली. वहिनी बाकावर बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. तेव्हा कुठं माझं तोंड पाच मिनिटं बंद राहिलं.

"पास," अधिकारी म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटले. मी त्या अधिकाऱ्याला मिठी मारणार होतो, तो दोन पावलं मागं सरला.

रविवारी शंभर पानं वेळेवर उठली. मी पाहुण्यांना पहिल्या पंगतीत ही हकीकत सांगितली तेव्हा आम्ही एक स्पोर्ट्स कार मागे टाकली होती. तिसऱ्या पंगतीपर्यंत चार झाल्या, आणि अधिकाऱ्यानं एक्झॉस्टचा वास घेऊन "क्या बात है" म्हटलं होतं. त्या पंगतीत विद्यापीठात रसायनशास्त्रात पोस्टडॉक करणारी एक मुलगी होती. तिनं जिलबी खाली ठेवली.

"पण काका, ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त असं नसतं. इंजिनमध्ये पेट्रोल वेळेआधी भडकू नये, एवढ्यासाठी ते असतं. ज्या इंजिनला एक्क्याण्णव चालतं त्याला अठ्ठ्याण्णवनं काय मिळणार? धूर तर त्यानं असा कमी होणारच नाही."

"मग झाला कसा?" मी अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं.

ती मसालेभात वाढणाऱ्या वहिनींकडे वळली. "गाडीला आणखी काही केलं होतं का?"

"एअर फिल्टर आणि प्लग बदलून आणले. बुधवारी." वहिनींनी तिच्या पानात भाताची मूद पाडली.

पंगत हसली. मित्र अचानक पाण्याचे जग भरायला निघून गेला.

"अहो वहिनी, मग त्या दिवशी पंपावर सांगायचं ना!"

"तुम्ही बोलत होता," वहिनी म्हणाल्या.