पादुआत मराठीत भांडताना

इटलीला जायचं ठरलं ते दोह्यात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, न केलेल्या इस्त्रीच्या ढिगाऱ्यासमोर. लग्नाला सोळा वर्षं होत होती. माझा नवरा निरंजन गॅस प्लांटवर इंजिनिअर आहे, मी शाळेत गणित शिकवते. इरा झाल्यापासून, म्हणजे गेल्या चौदा वर्षांत, आम्ही दोघंच असे कुठेही गेलो नव्हतो. शेवटी इराच वैतागली. "आई, प्लीज, जस्ट गो!" अल दुहैल भागातल्या मैत्रिणीकडे राहायची सोय तिने आम्हाला विचारायच्या आधीच करून टाकली होती.

व्हेनिसऐवजी मी पादुआ निवडलं. कुणाला जायचं असेल तर हिशोब सोपा आहे. दोह्याहून व्हेनिसला थेट विमान, साधारण सहा तास. विमानतळाच्या दारातूनच पादुआची बस मिळते, तासाभरात गावात. हॉटेल व्हेनिसच्या निम्म्या भाड्यात, आणि गर्दी त्याहून कमी. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र लवकर घ्या. आम्हाला कंपनीचं एनओसी, बँक स्टेटमेंट आणि विमा एवढं सगळं जमवण्यातच पंधरा दिवस गेले. आपला दोह्याचा वीकेंड शुक्रवार-शनिवार, म्हणून रविवारची रजा टाकली.

शुक्रवारी सकाळी निघालो आणि दुपारी पादुआच्या कमानींखाली चालत होतो. अख्खं गाव कमानींनी झाकलेलं. ऑक्टोबरचा पाऊस भुरभुरत होता, पण छत्री उघडावी लागली नाही. चौकात भाजीबाजार. आर्टिचोक सोलून, लिंबाच्या पाण्यात टाकून विकणाऱ्या बाईंचा हात असा चालत होता की मी पाच मिनिटं नुसती बघत राहिले. निरंजन मागे फोनवर.

"कोणाचा फोन?"

"ऑफिस. खलास, ठेवतोय."

ठेवला नाही. संध्याकाळी खानावळीतही तो स्क्रीनकडेच बघत होता. मेनूकार्ड मी वाचलं. पादुआत जाणार असाल तर एक शब्द पाठ करा: काव्हालो. म्हणजे घोडा. इथे आवडीने खातात. आम्ही शाकाहारी, तेव्हा वेट्रेसला दोनदा विचारून बीन्स आणि पास्त्याचं दाट सूप मागवलं. पहिला घास घेतला आणि निरंजनने मान वर केली. "मधुरा, ही तर वरणफळं!"

खरंच वरणफळं. फक्त फोडणी नाही आणि वरून तुपाऐवजी ऑलिव्ह तेल. दिवसभरात तो पहिल्यांदा मनापासून हसला. बिल दोघांचं तीस युरो.

शनिवारी सकाळी ऊन पडलं. विद्यापीठाच्या जुन्या वनस्पती उद्यानात चारशेहून जास्त वर्षांचा एक ताड आहे, काचेच्या घरात जपलेला. तिकीट दहा युरोच्या आसपास, वसूल होतं. तिथून चालत प्रातो देल्ला व्हाल्ले या भल्यामोठ्या चौकात आलो. मधोमध हिरवळीचं बेट, भोवती पाण्याचा लंबगोल कालवा, दोन्ही काठांवर दगडी पुतळ्यांच्या रांगा. आम्ही काठावरच्या दगडी बाकावर बसलो. माझ्या मनात होतं, आता हा माझा हात हातात घेईल.

"तुला एक सांगायचंय," निरंजन म्हणाला. "मला प्रमोशन मिळतंय. नव्या प्रोजेक्टवर. दुसऱ्या देशात, दोन वर्षं. बॅचलर स्टेटसवर."

आखातात बॅचलर स्टेटस म्हणजे कुटुंबाशिवाय. लग्न झालेल्या माणसालाही.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे. सोमवारी उत्तर द्यायचंय. मी जवळजवळ हो म्हटलंय."

मग मी जे बोलले ते आवाज चढवूनच बोलले. मी व्हिसाचे कागद जमवत होते, आणि हा निघायची तयारी करत होता? की मला गोड बोलून पटवण्यासाठी इटली? तोही चिडला. "तुला वाटतं मला जायचंय? या वयात असं पद परत कोण देणार?" मी म्हटलं, "इरा सोळाची होईल तेव्हा तिचा बाप कसा होता ते मी तिला सांगत बसू?" भोवती सगळे इटालियन. कुणाला कळतंय, म्हणून आम्ही मनसोक्त भांडत होतो.

"भांडा, भांडा. आमचं लक्ष नाही," शेजारच्या बाकावरून शुद्ध मराठीत आवाज आला.

आम्ही दोघंही गारठलो. साठी-पासष्टीच्या एक बाई, अंगात जाड स्वेटर, पायात पांढरे बूट. सोबत त्यांचे यजमान, संत्रं सोलत बसलेले. वसईचे. फिलोमिना मावशी आणि जॉन काका. इथल्या संत अँथनीच्या दर्शनाला यात्रेबरोबर आले होते. मी शरमेने "सॉरी" म्हटलं.

"सॉरी कशाला, बाय? समोर बसून भांडताय, हे बरंय. आमची भांडणं पत्रातून व्हायची. मी रागावलेय हे यांना कळेपर्यंत माझा राग उतरलेला असायचा." काका जहाजाच्या इंजिन-रूममध्ये नोकरीला होते. "लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यातली एका घरात सतरा. मी मोजलीत."

"तुम्हाला पश्चात्ताप होतो?" निरंजनने काकांना विचारलं.

काकांनी संत्र्याच्या फोडी आमच्या हातांवर ठेवल्या. "नाय रे. त्या नोकरीवर घर उभं राहिलं, पोरं शिकली. आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता." मग बोटं पुसत म्हणाले, "तुझ्याकडे आहे का?"

 यात्रेच्या गाईडने झेंडा हलवला, तशी ती दोघं उठली. जाताना मावशींनी माझ्या गालाला हात लावला.

आम्ही कालव्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, "माझ्यासाठी नकार देऊ नकोस. मग आयुष्यभर ते माझ्या नावावर राहील."

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "मला एकट्याने राहायची भीती वाटते. ते कुणाला सांगता येईना, म्हणून हो म्हणत होतो."

सोळा वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. तिसऱ्या फेरीत त्याने चालता चालता ऑफिसला चार ओळींची नकाराची मेल लिहिली, मला वाचायला दिली. मी फक्त एक स्पेलिंग सुधारलं. मेल गेली, आणि आम्ही समोरच्या टपरीवर स्प्रित्झ या इथल्या नारिंगी वाईन-सोड्याचे दोन ग्लास घेतले, प्रत्येकी चार युरो. निरंजनने पुतळे मोजायला घेतले, तिसाच्या पुढे चुकला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. मी एवढी हसले की स्प्रित्झ नाकात गेलं.

रविवारी दुपारच्या विमानाने परतलो. पादुआला दोन दिवस पुरतात. तिसरा मिळाला तर बाजारात घालवा.

प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. ते कळलं त्या दिवशी निरंजन अर्ध्या ताटावरून उठला, आणि मी उगाच समजूत घातली नाही. निर्णय बरोबर होता की नाही, हे आणखी काही वर्षांनी कळेल, इन्शाल्ला. बाकी सहलीचे फोटो फारसे काढलेच नाहीत.

गेल्या गुरुवारी, एरवी घरी यायला आठ वाजवणारा तो साडेचारलाच दारात उभा. इराने पुस्तकातून डोकं वर काढलं, घड्याळ बघितलं आणि घाबरून विचारलं, "बाबा, डिड यू गेट फायर्ड?"

"नाही गं," बूट काढत तो म्हणाला, "घरी आलोय."