न्हाणीच्या खिडकीतलं पोतं

सीमेवरच्या बर्फातल्या फौजी पोस्टवर आम्ही चौघे. बर्फ वितळवायला आणि बंकर ऊबदार ठेवायला केरोसीनची एक बुखारी, म्हणजे शेगडी. गरम पाण्याचा पहिला मग सेंट्रीवरून, म्हणजे पहाऱ्यावरून, उतरलेल्याचा, हा नियम आमचा आम्हीच केलेला. तो कधी कुणी मोडला नाही.

निवृत्तीनंतर मुखेडजवळ शेतात घर बांधलं. तिथवर विजेची तार आलेली नाही. सोलर प्लेटवर दोन बल्ब आणि एक पंखा चालतो, तेवढंच. बायको सुमनला संधिवात. सकाळी गार पाण्यात हात घातला की तिची बोटं मिटत नाहीत. पाणी तापवायची सोय बघायचं काम माझ्याकडे आलं. जन्मभर हुकूम पाळलेल्या माणसाला निवड करायला लावणं म्हणजे शिक्षाच.

दुकानदार आधी सोलर हीटर घ्या म्हणाला. मग पत्र्याला टाकीचं वजन झेपणार नाही आणि बोअरच्या क्षाराने नळ्या बुजतील, हेही त्यानेच सांगितलं. जावयाने गॅस गिझर सुचवला. शेजारचे गंगाधरमामा म्हणाले, तांब्याचा बंब घ्या, जाळायला तुराट्या घरच्याच आहेत. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण माझं मनच रोज बदलत होतं. तीन आठवडी बाजार मी रिकाम्या हाताने परतलो.

"कायबी घ्या, पर एक घ्या," सुमन म्हणाली.

शेवटी गॅस गिझर पक्का केला. माप घ्यायला न्हाणीत शिरलो, तर तिथली एकुलती खिडकी पोत्याने बुजवलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच. गार वारा यायलाय. काढू नका."

मी पोतं ओढून काढलं आणि तिथेच खाली बसलो.  सुमनला कधीच न सांगितलेलं त्या दिवशी सांगितलं.

पोस्टवरच्या त्या पहाटे चार ते सहा सेंट्री माझी. दोघे गस्तीवर गेलेले. बंकरमध्ये एकटा माधव, आपल्या देवणीचा. 0530 ला रेडिओवर त्याचा आवाज आला. "पाणी ठेवायलोय. सहाला येतो. ओव्हर."

सहाला तो आला नाही. तीनदा हाक दिली. उत्तर नाही. 0610 ला मी बंकरचं दार उघडलं. माधव भिंतीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले. बुखारीवर माझा मग उकळत होता. व्हेंटिलेटरमध्ये, हवेच्या झरोक्यात, पोतं कोंबलेलं. बंद जागेत जाळाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, हे आम्हा दोघांनाही ब्रीफिंगमध्ये शिकवलेलं होतं. मी त्याला बाहेर ओढलं. उशीर झाला होता.

पोतं त्याने कोंबलं, की आदल्या दिवशी मी, हे मला आठवत नाही. चौकशीत "माहीत नाही" म्हणालो. ते खोटं नव्हतं. खरं होतं का, हे आजही उमगत नाही.

 दुसऱ्या दिवशी मी बंब आणला आणि उघड्या अंगणात मांडला. रोज साडेपाचला तो मीच पेटवतो. पहिल्याच सकाळी पाणी तापलं तेव्हा मी सुमनचा तांब्या पुढे ओढला, तर तिने माझा हात धरला.

"आधी त्यांचा काढा."

तेव्हापासून पहिला तांब्या ओट्यावर ठेवतो. नाईक माधव, देवणी, याच्या नावाचा. त्यातलं पाणी निवेपर्यंत सुमन थांबते, मग दुसऱ्या तांब्यात बोटं बुडवते.