कुचल्याचा नुस्खा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी अजून शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे आणि लिहिण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. तरी गावाकडच्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनी हे वाचावं, अशी इच्छा आहे.

इंदापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. अब्बा नालबंद. उसाच्या हंगामात माळेगावच्या कारखान्यावर बैलगाड्यांच्या अड्ड्यावरच राहायचे आणि दिवसभर बैलांना नाल ठोकायचे. जमिनीवर बसून बसून त्यांचे गुडघे गेले होते. खिडकीखाली उभं राहून ते म्हणाले, "हकीम व्हायला चाललायस. पयला पेशंट मी. ह्ये गुडघं ध्यानात ठिव." अम्मा फक्त म्हणाली, "पोचल्याचं कार्ड टाक." शेजारचे कांबळे गुरुजी सोडायला आले होते. मी युनानी वैद्यक शिकायला चाललो होतो आणि युनानी म्हणजे ग्रीक, हे मीच त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "युनानला जायचंय तर पुण्यात कशाला उतरतोस? सरळ पुढं जा की!" सगळे हसले. गाडी निघाली तेव्हा अब्बा लंगडत चार पावलं सोबत आले.

पुण्यात पहिले महिने मी कमी बोलायचो. हॉस्टेलची मुलं 'सबमिशन', 'व्हायवा' म्हणायची आणि मी मान हलवायचो. पण माझं उर्दू अक्षर चांगलं होतं. म्हणून औषधं शिकवणाऱ्या उस्तादांनी मला ग्रंथालयातली एक बयाज उतरवून काढायला दिली. बयाज म्हणजे हकिमाची स्वतःची हस्तलिखित वही. पानं हात लावला की तुटायची. सुरुवातीला बुकरात आणि जालिनूस या ग्रीक हकिमांची नावं आणि पुढे नुस्खे, म्हणजे औषधांच्या कृती. कितीतरी शतकांपूर्वी कुठल्या तरी समुद्राकाठी बसून माणसांनी लोकांच्या सांध्यांचा विचार केला होता आणि तो या वहीपर्यंत आला होता, याचं मला फार अप्रूप वाटायचं. एका पानावर गुडघेदुखीचा नुस्खा निघाला. सुंठ, सुरंजान नावाचा कंद आणि कुचल्याच्या बिया.

मी कुणाला विचारलं नाही. त्याच दुपारी तो मराठीत उतरवून घरी पाठवला. खाली लिहिलं, "बारामतीच्या अत्ताराकडं, जडीबुटीच्या दुकानात, सगळं मिळेल. बारीक कुटून घ्या." सही करताना नावाआधी 'हकीम' लिहून पाहिलं आणि खोडलं.

आठ-दहा दिवसांनी प्रॅक्टिकलला उस्तादांनी टेबलावर कुचल्याच्या बिया ओतल्या. बटणासारख्या चपट्या, राखी.

"या किती दिवस भिजवायच्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर, बयाजमध्ये भिजवायचं लिहिलेलं नाही."

ते हसले. "अरे मियाँ, लिहितील कशाला? शागीर्द पहिल्या वर्षी हेच करायचा. रोज पाणी बदल, साल काढ, आतला कोंब काढ, दुधात उकळ. ज्याच्या हातानं हे झालंय त्याच्यासाठीच बयाज असते. असा शुद्ध न केलेला कुचला म्हणजे जहर. अंग धनुष्यासारखं ताठतं, दातखीळ बसते."

पुढचं मी ऐकलं नाही. कॉलेजबाहेरच्या एसटीडी बूथवर धावत गेलो. गावात ओळखीचा फोन एकच, गुरुजींच्या घरचा. तिसऱ्यांदा लागला.

"गुरुजी, माझं पत्र आलं का घरी?"

"आलं की! तुझ्या आईनं मला दोनदा वाचायला लावलं. औषध कुटून आज सकाळीच माळेगावला घेऊन गेली. म्हणाली, पोराचं पयलं औषध हाय, माज्या हातानं दीन."

ते औषध जहर आहे, देऊ नका, असं मी ओरडून सांगितलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "फोन ठिव. मी मोटारसायकल काढतो. तू तितंच थांब."

बूथवाल्याचा नंबर दिला आणि स्टुलावर बसलो. फोन वाजला की उठायचो; दर वेळी दुसऱ्याचाच. बूथवाला चिडला, "अरे, गिऱ्हाइकाला बसू दे." मग माझ्याकडे नीट बघून त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. दिवस मावळताना गुरुजींचा फोन आला. "काळजी करू नको. पुडी टाकून दिली. अभ्यास कर." आवाज दमलेला होता. मला वाटलं, गाडी चालवून दमले असतील. मी बूथच्या भिंतीला टेकून रडलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तर अब्बांचं उजवं मनगट वाकडं. बोटं हातोड्यावर मिटत नव्हती. म्हणाले, "बैल हालला. नाल ठोकताना बैल हालला तर चूक बैलाची न्हाय, नालबंदाची." अम्मा चुलीशी काही तरी करत राहिली. त्यांनी धंदा सोडला. आता तसेही ट्रॅक्टर आले, असं ते म्हणायचे आणि मीही तसंच म्हणायचो.

आता पुण्यात मला करमतं. मराठीत विचार करतो, उर्दूत लिहितो, कँटीनमध्ये इंग्रजी झोडतो. पण घर म्हटलं की मला ओटा, अंगण आठवत नाही. ज्यांना मी सगळं विचारू शकतो आणि तरीही ज्यांनी मला सगळं सांगितलेलं नाही, ती माणसं आठवतात. हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या आठवड्यात गुरुजी कामानिमित्त पुण्यात आले होते. मी उत्साहानं सांगत होतो, पास झालो की अब्बांच्या मनगटाला चांगल्या सर्जनला दाखवू. गुरुजींनी हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"लेका, त्यांनी शपथ घातली हुती, पण आता तू डॉक्टर व्हणार," ते म्हणाले. "बैल हालला न्हवता. मी पोचलो तवा ते बैलापाशीच ताठून पडलं हुतं, मनगट बैलाच्या बांधलेल्या पायांत. तीन दिवस बारामतीच्या दवाखान्यात हुते. पयलं बोललं ते एवढंच, पोराला कळू देऊ नका, त्याचा हात घाबरंल."