सांडशीवरचा निळा डाग

ड्रॉवर आवरताना तळाशी जुनी सांडशी सापडली. टोकाला निळ्या रंगाचा डाग अजून आहे.

कार्डिफमधली ईस्टरची सकाळ. माझ्या लेकीने, छोट्या इराने रंगवलेली उकडलेली अंडी ती उठायच्या आत बागेत लपवायची होती, म्हणजे ईस्टरचा ससा येऊन गेला असं तिला वाटलं असतं. माझी नाइट शिफ्ट लांबली, म्हणून वॉर्डमधूनच सासूबाईंना फोन केला. "आई, तेवढी अंडी लपवाल का?" जन्मात अंड्याला हात न लावलेल्या त्या म्हणाल्या, "लपवते की."

घरी पोचले तर त्या ओल्या गवतात वाकून, सांडशीत धरलेलं निळं अंडं डॅफोडिल्सच्या मागे अलगद ठेवत होत्या. मला हसू आवरेना. "अहो आई, चावत नाही ते!" त्या कसनुशा हसल्या. तेवढ्यात इरा धावत आली, तशी तिला म्हणाल्या, "आत्ताच गेला बघ ससा!"

पुढे पुण्याला परत जाईपर्यंत त्या गरम पातेली पदरानेच उतरवायच्या. "सांडशी घ्या ना, भाजेल," मी म्हणायचे. "राहू दे गं, सवय आहे मला."

सवय कसली! अंड्यांना लागलेली सांडशी त्यांना स्वयंपाकाला नको होती. मी एक नवी आणून द्यायची होती, एवढंच. हे कळलं आज, त्या नसताना.