दादाच्या ऐंशी दिवसांची पावती

दुबईत पगारावर कर नाही, ही गोष्ट आमच्या वसईच्या नातेवाइकांना पोपच्या नावापेक्षा पक्की पाठ आहे. मी सोळा वर्षं अल कुसैसमध्ये राहते आणि इथल्याच एका बांधकाम कंपनीत हिशेब बघते. मजुरांच्या हजेरीवरून मजुरी काढायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे वसईतला फ्लॅट विकल्यावर तिथल्या सीएने नफ्यावर भारतात कर भरावा लागेल असं सांगितलं, तेव्हा आधी मला राग आला आणि मग चेवच चढला. मी काय कर भरायला इथे वाळवंटात येऊन बसले होते?

"मॅडम, रिनोव्हेशनचा खर्च दाखवला की तेवढा प्रॉफिट कमी होतो," सीए फोनवर म्हणाला. "मटेरियलची बिलं तुमच्याकडे आहेत. लेबरचं काय? पैसे घेतल्याची कुणाची तरी सही लागेल."

लेबर म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा लाद्या बसवतो. चार वर्षांपूर्वी मी फ्लॅट नीट करायला काढला, तेव्हा बाहेरची कामं सोडून त्याने ऐंशी दिवस तिथे घातले. बाथरूम फोडलं, ओटा घातला, सगळ्या खोल्यांत लाद्या बसवल्या, सिमेंटच्या गोणी एकट्याने तीन मजले वर नेल्या. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "बहिणीकडून घेऊ? येडी का काय तू!" मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्याने कदाचित घेतले असते, म्हणून विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक. दोन किलो खजूर आणि सेंटची एक बाटली दिली आणि विमानात बसले.

त्याच उन्हाळ्यात वहिनीने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी हातातल्या चार बांगड्या गहाण ठेवल्या. त्या पुढे सुटल्या नाहीत, बुडाल्या. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी हळहळले आणि तेवढ्यावर भागवलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. दादा पूर्वी प्यायचा. प्यायचा तेव्हा मजुरीबद्दल खोटं बोलायचा. आज पैसे मिळालेच नाहीत, शेठ गावाला गेलाय, असलं काहीतरी. त्याने सोडली त्याला आता नऊ वर्षं झाली. त्याच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवायला वहिनीला त्यातली निम्मी लागली.

तर एका रविवारी चर्चमधून येऊन मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दादाचे दिवसाला पंधराशे धरले. ऐंशी दिवसांचे एक लाख वीस हजार झाले. मला ते कमी वाटले. मग मी त्याला दोन हेल्पर दिले, हजार रुपये रोजाचे. त्यातल्या एकाची तीन दिवस गैरहजेरी टाकली, कारण गैरहजेरीशिवायची हजेरी कुठलाही ऑडिटर खरी मानत नाही. एकूण दोन लाख सत्त्याहत्तर हजार. मग काम चालू असताना मी सुट्टीवर वसईला गेले होते, तेव्हा एटीएममधून काढलेल्या रकमा बघितल्या आणि पावतीतल्या तारखा त्यांच्याशी जुळवल्या. काम इतकं सुबक झालं की मला माझंच कौतुक वाटलं.

लेक बाजूला बसून जेवत होती. स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बट मम्मा, मामा डिड इट अलोन."

"तू जेव," मी म्हटलं.

कर वाचणार होता पस्तीस हजारांच्या आसपास. दिरहममध्ये पंधराशे. एवढे आम्ही एका ईदच्या सुट्टीत हॉटेलात उडवतो.

दादा सीएच्या ऑफिसात गेला आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करून आला. फोनवर मी विचारलं, "वाचलंस ना?" तर म्हणाला, "तू लिवलंयस ना बाय, मग मी काय वाचू?" त्याला दिलेली झेरॉक्स त्याने घरी लाइटची बिलं ठेवतात त्या पिशवीत टाकली. लपवायचं काही आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

महिन्याभराने, शनिवारी सकाळी, मी सुरमई साफ करत होते. वहिनीचा फोन आला. इंटरनेटवरचा नव्हे, साधा, मिनिटाला पैसे कापणारा. एरवी मला 'बाय, तू' म्हणणारी वहिनी त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाली.

"पावती सापडली मला. बांगड्या ठेवल्या तेव्हाच्याच तारखा आहेत. हे म्हणतात, एक पैसा घेतला नाही, तुम्ही सांगितलं म्हणून सही केली. प्यायचे तेव्हापण असंच बोलायचे. तुम्हीच सांगा आता. दिले होते का?"

एक 'नाही' पुरलं असतं. पण सीएकडची फाइल अजून बंद झालेली नव्हती, फोनवर असलं बोलू नये, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. खरं कारण लाज. 'नाही' म्हटलं की तिने पुढचं विचारलं असतं: म्हणजे माझ्या बांगड्या जात होत्या तेव्हा तू माझ्या नवऱ्याला फुकट राबवलंस? ते मला ऐकायचं नव्हतं.

"पावतीत लिहिलंय तेच, वहिनी," मी म्हणाले. "मी कशाला खोटं लिहीन?"

पलीकडे कुणीतरी खाकरलं आणि मला कळलं की फोन स्पीकरवर आहे.

"हो. दिले होते बायने," दादा म्हणाला. "मीच उडवले."

"कशावर?" वहिनीने विचारलं.

त्याला चटकन काही सुचेना. खोटं बोलायची त्याची सवय मोडली होती.

"पिण्यावर," तो म्हणाला.

तेव्हाही मला बोलता आलं असतं. फोन चालू होता. मी नुसतं 'दादा' म्हटलं असतं तरी वहिनीला कळलं असतं. मी हातातली सुरी सिंकमध्ये ठेवली.

वहिनीने स्पीकर बंद केला असावा, तिचा आवाज एकदम कानाजवळ आला.

"माफ कर बाय," ती म्हणाली. "तुझ्यावर संशय घेतला."

"असू दे, वहिनी," मी म्हणाले.