वलगावच्या अलीकडे लागलेला ब्रेक

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतोय. माझे वडील अमरावतीत पूजा सांगतात आणि मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. लहानपणापासून घरात मंत्र ऐकले आणि मोठेपणी कोर्टात शपथा... त्यामुळे कोणी काही "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं" म्हटलं की मी आधी विचारतो, अंतर किती होतं? उजेड होता का? चष्मा लावला होता का? माझ्या बाबतीत या सगळ्याची उत्तरं स्पष्ट आहेत. उजेड भरपूर होता, दुपारचे चार वाजत आले होते, आणि चष्मा मला नाही. तरीही काय झालं ते मला सांगता येत नाही. आणि जे सांगता येतं, त्याची लाज वाटते.

मी अमरावतीतच राजापेठला राहतो. बायको वैशाली शाळेत शिक्षिका आहे, मुलगी सई नऊ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली — दोनच सीटची, लाल, छोटी स्पोर्ट्स कार. आमच्या गल्लीत ट्यूशनच्या पोरांच्या स्कूटरांमधून ती काढताना लोक थांबून बघायचे आणि मला ते आवडायचं. गाडीने झटकन वेग घ्यावा म्हणून मी आधी इंजिनाचं काम करून घेतलं. ब्रेक मात्र कंपनीचेच ठेवले, पुढे लहान डिस्क, मागे ड्रम. जोरात असताना पेडल दाबलं की गाडी थांबायच्या आधी थोडा विचार करायची.

हे सगळ्यात पहिल्यांदा ओळखलं माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामाजी म्हणतो. ते दर्यापूरचे, घरची शेती भाऊ बघायचे आणि हे एसटीत ड्रायव्हर होते. पूर्ण नोकरी झाली, पण त्यांच्या हातून कधी कोणाला खरचटलंही नाही. पहिल्यांदा गाडीत बसले आणि बडनेरा रोडवर एक चक्कर झाल्यावर एवढंच म्हणाले, "जवाईबापू, गाडी चांगली आहे. पन पह्यले थांबाची सोय करा, मंग पळवाची." मी हो म्हटलं आणि सोडून दिलं.

मामाजींची एक सवय होती. बाजूच्या सीटवर बसले की समोर काही आलं रे आलं, त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, तिथे ब्रेक असल्यासारखा. तोही एकदम नाही. आधी हलका, मग पूर्ण. बसमध्ये उभी असलेली माणसं पडू नयेत म्हणून ते तसाच ब्रेक मारायचे, असं वैशालीने मला एकदा सांगितलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी मामाजींना दर्यापूरला सोडायला निघालो. निघण्याआधी मोबाइल त्यांच्या पायाकडे तोंड करून डॅशबोर्डच्या खाली अडकवला आणि मग मुद्दाम ट्रकांच्या मागे अगदी जवळ गाडी नेत राहिलो. त्यांचा पाय दाबला जातोय, सुटतोय, पुन्हा दाबला जातोय. त्या सगळ्याला मी गाणं लावलं, वर लिहिलं 'एसटीचा ड्रायव्हर कधीच रिटायर होत नाही', आणि आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. तिथून तो व्हिडिओ कुठून कुठे फिरला माहीत नाही, पण दोन आठवड्यांत दर्यापूरच्या कोणीतरी तो मामाजींनाच दाखवला.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्यानंतर आमच्याकडे यायचं झालं की बसने यायचे. मी फोन करून "घ्यायला येऊ का" विचारलं की, "कायले तकलीफ करता, बस आहे ना," म्हणायचे. वैशालीला कारण माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मी शेवटी ब्रेकचं काम काढलं. मामाजींनी सांगितलं म्हणून नाही... ग्रुपमधल्या दोघांनी करून घेतलं होतं म्हणून. अकोल्याला वसंताभाऊ म्हणून एक मिस्त्री आहेत, या कामात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. त्यांनी पुढे मोठ्या डिस्क आणि त्या पकडणारे मोठे कॅलिपर बसवले, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क लावल्या, ब्रेक ऑइलचे रबरी पाइप बदलले, ऑइल नवीन भरून हवा काढली. रविवारी मी आणि सई बसने अकोल्याला गाडी आणायला गेलो. चावी देताना वसंताभाऊंनी बजावलं होतं की ब्रेकचे नवे पॅड अजून डिस्कवर नीट बसायचे आहेत, दोनशे किलोमीटर तरी सावकाश चालवा, जोरात ब्रेक मारून पाहू नका.

मी हायवे सोडून दर्यापूरच्या रस्त्याने परत निघालो, कारण तिकडे गर्दी कमी असते. दर्यापूर आलं तसं सई म्हणाली, आजोबांकडे जाऊ. मी म्हटलं, उशीर होईल. साडेतीन वाजले होते, कसला उशीर होणार होता? मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. ती रुसून खिडकीतून बाहेर बघत बसली.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून सरळ लिहून टाकतो.

वलगावच्या बऱ्याच अलीकडे रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना कपाशी. मला नव्या ब्रेकचा व्हिडिओ काढायचा होता. स्पीडोमीटरचा काटा शंभरच्या वर, मग ब्रेक, मग शून्य. मी उजव्या हाताने स्टेअरिंग धरलं आणि डाव्या हातात मोबाइल घेतला. माझी मुलगी बाजूला बसली होती. काटा एकशे पाचवर गेला. मी रस्त्याकडे नाही, मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत होतो, काटा नीट दिसतोय की नाही ते. मनात ठरवलं होतं की तीन मोजायचे आणि दाबायचं.

मी एक सुद्धा मोजला नव्हता.

गाडीचा ब्रेक लागला. आधी हलका, इतका की मी नुसता पुढे झुकलो. मग पूर्ण. मोबाइल हातातून उडून समोरच्या काचेवर आपटला. सई पट्ट्यात अडकली. माझा उजवा पाय अॅक्सिलरेटरवरच होता — तेव्हाही, आणि गाडी थांबली तेव्हाही. थांबताना इंजिन धक्का खाऊन बंद पडलं, कारण क्लच मी दाबलाच नव्हता. ब्रेक मी मारला असता तर क्लच आपोआप दाबला गेला असता, इतक्या वर्षांची सवय आहे ती.

मान वर केली तेव्हा समोर कापसाची ट्रॉली होती. बाभळींच्या आड रस्ता किंचित वळतो, त्या वळणावरच्या छोट्या पुलावर आडवी उभी. अॅक्सल तुटला होता आणि ट्रॅक्टरवाला मदत आणायला गावात गेला होता. आमच्या गाडीचं नाक आणि ट्रॉली यांच्यामध्ये दहा-बारा फूट राहिले होते.

मागून एक जण मोटरसायकलवर येत होता. वलगावचाच शेतकरी. थांबून म्हणाला, त्याने दुरूनच गाडीचा लाल लाइट लागलेला पाहिला. ट्रॉली तर वळणाआड होती, मला इतक्या आधी दिसली कशी याचं त्याला नवल वाटत होतं. मी म्हटलं, "हो, कापूस दिसला बाभळीतून." इतक्या सहज बोललो की मलाच पटलं.

तो गेल्यावर मी गाडीत बसलो. पेडल दाबून पाहिलं. नेहमीसारखं. चाकं मोकळी होती, काही अडकलं नव्हतं. सई माझ्याकडे बघत होती.

"पप्पा, ब्रेक तुम्ही नाही दाबला," ती म्हणाली. "तुमचा पाय तिकडेच होता."

मी तिला काय म्हटलं असेल? जवळ घेतलं असेल, लागलं का विचारलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी म्हटलं, "आईला मोबाइलचं सांगू नको."

तिने सांगितलं नाही. घरी आल्यावर मी वैशालीला सगळं रंगवून सांगितलं, कशी ट्रॉली दिसली, कसा वेळेवर ब्रेक मारला. संध्याकाळी ग्रुपवर ट्रॉलीचा फोटो टाकला आणि लिहिलं की आज नव्या ब्रेकमुळे मुलीचा जीव वाचला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. सई हॉलमध्ये बसून चित्र रंगवत होती आणि सगळं ऐकत होती.

तेवढ्यात वैशालीने तिच्या आईला फोन लावला, जावयाचं कौतुक सांगायला. तिकडून मामींनी त्यांची बातमी सांगितली. मामाजी दुपारी चारच्या सुमारास अंगणात खुर्चीवर डुलकी घेत होते. मामी चहा ठेवायला उठल्या आणि एकदम खुर्ची पडल्याचा आवाज आला. झोपेतच त्यांनी पाय असा ताठ मारला होता की खुर्चीसकट मागे पडले. पोटरी सुजली होती, पाय टेकवत नव्हता. वैशालीने फोन ठेवून मला हे सांगितलं तेव्हा मी एकच विचारलं, कोणता पाय?

"उजवा," ती म्हणाली. "का?"

मी म्हटलं, काही नाही, सहज.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच अकोल्याला गेलो आणि वसंताभाऊंना म्हटलं की एका मित्राच्या गाडीचा ब्रेक आपोआप लागला, म्हणून माझीही तपासा. त्यांनी माझी गाडी वर घेऊन एक-एक वस्तू तपासली, बूस्टर, मास्टर सिलेंडर, कॅलिपर, पेडलची स्प्रिंग. कुठेच काही नाही. मग हात पुसत म्हणाले, "ब्रेक चिपकते कधी कधी, नाही असं नाही. पन चिपकला तं सुटत नाही, चाक तापते. अन् मागचा लाल लाइट पेडल खाली गेल्याबिगर लागतच नाही. तुमच्या मित्रानंच दाबला असन, त्याले याद नाही."

मला लख्ख आठवतं. आणि सईलाही.

ती आता गाडीत बसेना. रोज सकाळी, "आईसोबत स्कूटरवर जाते," म्हणायची. भीती वाटते का विचारलं तर मान हलवून नाही म्हणायची. माझ्याकडे बघायची मात्र नाही. तिला गाडीची भीती नव्हती, हे मला हळूहळू कळलं. तिला माझ्याबरोबर बसून माझं खोटं सांभाळायचं नव्हतं.

एका शनिवारी मी वैशालीला सगळं सांगितलं. मोबाइल, एकशे पाच, सईला दिलेली ताकीद, उन्हाळ्यातला व्हिडिओ, सगळं. ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबांना जाऊन सांग. मी येणार नाही. एकटा जा."

मी बसने गेलो. गाडी घेऊन त्यांच्या दारात जायची हिंमत नव्हती.

मामाजी ओसरीवर बसले होते, पोटरीला तेल लावून. मी समोर खाली बसलो आणि सांगितलं. कोर्टात मी तासभर बोलू शकतो, इथे पाच मिनिटांत तीनदा अडखळलो. ब्रेक कसा लागला तेही सांगितलं आणि किती वाजता तेही. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं आणि विचारलं, "पोरीनं पट्टा लावला होता?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

माझं संपल्यावर मी विचारलं, मामाजी, तुम्हाला त्या दुपारी काही स्वप्न पडलं होतं का? ते म्हणाले, "मले काई याद नाही. झोपलो होतो, अन् पडलो. देवाधर्माचं तुमाले जास्त समजते, तुमचे वडील महाराज आहेत. मी काय सांगू?"

मग तेलाची वाटी बाजूला सरकवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन एक गोष्ट सांगा जवाईबापू. बाजूले बसलेला मानूस भेला, तं लोक हासले काहून?"

आवाजात राग नव्हता. लोक का हसले हे त्यांना खरंच समजत नव्हतं, आणि ते खरंच विचारत होते. इतके महिने तोच प्रश्न घेऊन ते बसने येत-जात होते. मी त्यांच्या पायाला हात लावला, सुजलेल्या पोटरीला. त्यांनी पाय मागे घेतला नाही. मामींनी चहा आणला. तो आम्ही प्यायलो आणि मी पाचच्या बसने परत आलो.

ग्रुपवर मी खरं काय झालं ते लिहिलं आणि व्हिडिओची माफी मागितली. काही जणांना वाटलं मी गंमत करतोय. गाडी विकायला काढली आहे. घेणाऱ्याला सांगतो की ब्रेक उत्तम आहेत, आणि ते खोटं नाही.

ज्यांना अशा गोष्टींत रस आहे ते मला विचारतात, मग तुमचं मत काय? माझं मत नाही. वीस किलोमीटरवर झोपलेल्या माणसाचा पाय माझ्या गाडीचं पेडल दाबू शकतो असं मी कोर्टात मांडलं तर न्यायाधीश मला बाहेर काढतील, आणि योग्यच करतील. योगायोग म्हणावं तर त्या मोटरसायकलवाल्याने लाल लाइट लागलेला पाहिला आहे, म्हणजे पेडल खाली गेलंच होतं. त्या दिवशी तो ब्रेक कोणी दाबला, मला माहीत नाही. मी नाही दाबला, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो... आणि तेवढंच सांगण्याआधी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला वीस दिवस गप्प ठेवलं.